दोह्याच्या आधीच हातून गेलेला गट

१२ जून २०२४. सकाळी सहाला मी मैदानावर पोचलो तेव्हा मुलं बूट न घालताच कट्ट्यावर बसली होती. चेंडूंची जाळी सोडलेलीसुद्धा नव्हती. एरवी मी येईपर्यंत यांचा अर्धा खेळ होऊन जातो. त्या दिवशी कुणी उठेचना. आदल्या रात्री कतारच्या दोह्यात, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, भारत कतारकडून हरून बाहेर पडला होता.

"सर, बॉल बाहेर गेला होता. सगळ्या जगानं बघितलं. मग गोल दिलाच कसा?"

हे विचारणारा मुलगा नववीतला. पंचवटीतून सायकलवर येतो, डाव्या पायाचा आहे. रात्रभर झोपला नव्हता हे डोळ्यांवरून कळत होतं. त्याला काय उत्तर द्यावं ते मला त्या क्षणी सुचलं नाही, कारण मीही झोपलो नव्हतो.

मी नाशिकच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ गंगापूर रोडच्या बाजूला एका मैदानावर बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत ज्या गटात होता, त्या गटाची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. प्रत्येक सामना, प्रत्येक गोल, गोल कोणत्या मिनिटाला, कसा झाला, आणि प्रत्येक फेरीनंतर आपल्याला काय काय शक्य आहे याचा हिशेब. त्या सकाळी मुलांना जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर मांडतो आहे. दोह्यातला तो गोल अन्यायाचा होता, यात मला शंका नाही. पण गट त्या गोलामुळे गेला असं जे आपण अजूनही म्हणतो, ते वही उघडली की टिकत नाही.

गट काय होता

२७ जुलै २०२३ ला सोडत निघाली तेव्हा भारतीय फुटबॉलला बरे दिवस होते. जूनमध्ये भुवनेश्वरला इंटरकाँटिनेंटल कप जिंकला होता, जुलैच्या सुरुवातीला बंगळुरूला कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून सॅफ (दक्षिण आशियाई) करंडक घेतला होता. फिफाच्या यादीत आपण ९९ व्या क्रमांकावर होतो. अ गटात आपल्यासोबत कतार आणि कुवेत आले. चौथी जागा अफगाणिस्तान आणि मंगोलिया यांच्यातल्या विजेत्यासाठी होती, आणि ऑक्टोबरात ती अफगाणिस्तानने मिळवली.

पणाला किती लागलं होतं हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं दुःख कळणार नाही. २०२६ चा विश्वचषक हा ४८ संघांचा पहिलाच. आशियाला त्यात आठ थेट जागा आणि नवव्या संघाला आणखी एक संधी. आधी आशियाच्या वाट्याला साडेचार जागा असायच्या, म्हणजे चार थेट आणि एकाला आणखी एक संधी. या फेरीत गटातले पहिले दोन संघ पुढे जाणार होते. पुढे म्हणजे १८ संघांच्या तिसऱ्या फेरीत, जिथे सहा-सहाचे तीन गट आणि प्रत्येकाला दहा सामने. शिवाय २०२७ च्या आशियाई करंडकात थेट प्रवेश. भारत विश्वचषक पात्रतेच्या त्या टप्प्यावर कधीही पोचला नव्हता. आपण विश्वचषकाला जाऊच असं कुणी शहाणा माणूस म्हणत नव्हता. पण कोरिया, इराक, जॉर्डनसारख्या संघांशी वर्षभरात दहा सामने खेळायला मिळणं ही दहा मैत्रीपूर्ण लढतींपेक्षा फार मोठी गोष्ट असते. हरलो असतो, पण शिकून हरलो असतो.

तेव्हा वहीत मी केलेला हिशेब सरळ होता. कतार यजमान म्हणून विश्वचषक खेळलेला आणि २०१९ चा आशियाई विजेता, त्याच्याकडून शून्य गुण धरा. कुवेतशी तीन-चार. अफगाणिस्तानकडून सहाच्या सहा. बेरीज नऊ ते दहा, म्हणजे दुसरा क्रमांक पक्का. त्या उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी हाच हिशेब होता. त्यात एक चूक होती आणि ती माझ्याही हातून झाली. अफगाणिस्तानच्या सहा गुणांसमोर मी कुठलंही कारण लिहिलं नव्हतं. फक्त क्रमवारीतलं अंतर लिहिलं होतं.

कुवेतमधली रात्र

१६ नोव्हेंबर २०२३ ला कुवेत सिटीत आपण १-० जिंकलो. ७५ व्या मिनिटाला छांगतेच्या क्रॉसवर मनवीर सिंगने गोल केला. गटातल्या एका अवघड दौऱ्यातून तीन गुण आले. कुवेत हा काही साधा संघ नव्हे. १९८२ चा विश्वचषक खेळलेला देश आहे, मधे फिफाच्या बंदीमुळे दोन वर्षं बाहेर राहिला, आणि आता परत उभा राहत होता. त्याला त्याच्याच घरी हरवलं म्हटल्यावर आमच्या मुलांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर "तिसरी फेरी" असं लिहून ठेवलं, ते मी पुसलं नाही.

पाच दिवसांनी भुवनेश्वरला कतारने ३-० हरवलं. ते धरलेलंच होतं.

जानेवारीत आशियाई करंडक झाला. तो या गटाचा भाग नव्हता, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, एकही गोल नाही. शिवाय संदेश झिंगन तिथेच दुखावला आणि पुढच्या सामन्यांना मुकला. आपला बचाव त्याच्याभोवती उभा असायचा. तेव्हा मी झिंगनच्या दुखापतीची काळजी केली. आज वाटतं, काळजी "० गोल" या रकान्याची करायला हवी होती.

अभा

२१ मार्च २०२४. अफगाणिस्तान स्वतःच्या देशात सामने भरवू शकत नाही, म्हणून त्यांचा "घरचा" सामना सौदी अरेबियात अभा इथे होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी एकटाच बघत बसलो होतो, आवाज बारीक करून.

त्या अफगाण संघाची अवस्था लक्षात घ्या. पहिल्या दोन सामन्यांत कतारकडून १-८ आणि कुवेतकडून ०-४ हरलेला. स्वतःच्या महासंघाशी भांडण होऊन दीड डझन खेळाडूंनी खेळायला नकार दिलेला. क्रमवारीत १५८ वा, आपण ११७ वे. आणि आपण त्यांच्याशी ०-० केलं.

बरोबरीत काही वाईट नसतं. परक्या मैदानावरचा एक गुण हा गुणच असतो. पण त्या नव्वद मिनिटांत मला जे दिसलं ते वहीत मी एका ओळीत लिहिलं होतं, ते तसंच देतो : "बॉक्सच्या बाहेरपर्यंत सगळं येतं, आत कोणी नाही." चेंडू कडेने वर जायचा, क्रॉस यायचा, आणि आत आपला एखादाच शर्ट दोन बचावपटूंच्या मधे अडकलेला. दुसरा खेळाडू धावत येणार तोवर चेंडू परत गेलेला असायचा.

त्यांचा प्रशिक्षक होता अॅशली वेस्टवूड. हे नाव आपल्याला नवीन नाही. २०१३ पासून तीन वर्षं तो बंगळुरू एफसीचा प्रशिक्षक होता, तिथे त्याने दोनदा आय-लीग जिंकून दिली. सुनील छेत्रीला त्याने रोज सरावात बघितलेलं. भारतीय संघाला चेंडू द्या, जागा देऊ नका, आणि साठाव्या मिनिटानंतर ते घाई करू लागतील याची वाट बघा, हे कळायला त्याला कुठल्या अहवालाची गरज नव्हती. क्रमवारीचं अंतर लिहिताना माझ्या वहीत या माणसाचं नाव नव्हतं. असायला हवं होतं.

गुवाहाटी, २६ मार्च

हा दिवस मला तपशीलवार आठवतो. आदल्या दिवशी धुळवड झाली होती आणि रंगपंचमी चार दिवसांवर होती. नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाडी. जुन्या नाशकात तिवंधा चौकाच्या बाजूला एका मित्राच्या घरी आम्ही सामना बघायचं ठरवलं होतं. रहाड म्हणजे पेशवाईतला दगडी हौद, वर्षभर जमिनीखाली बुजवलेला असतो आणि रंगपंचमीच्या तोंडावर उघडतात. मग त्यात रंग भरून लोक धप्पा मारतात. त्या संध्याकाळी चौकात त्याचीच चर्चा चालू होती. आम्ही वर माडीवर, दहा-बारा मुलं, दोन पालक, आणि भिंतीला टेकवलेला शाळेतला एक जुना फळा. फळ्यावर चार संघांची नावं आणि पुढे मोकळे रकाने.

सामना सातला सुरू झाला. रमजान चालू होता. आमच्यातला एक मुलगा रोजा सोडून पंधरा मिनिटं उशिरा आला, हातात खजुराची पुडी. "काही झालं का?" "नाही अजून." पुडी फिरली.

छेत्रीचा तो दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना. ३८ व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि त्याने ती घातली. त्याचा ९४ वा गोल. नोव्हेंबरात कुवेतला मनवीरने मारला त्यानंतर भारताचा हा पहिलाच गोल, मधे पाच सामने कोरडे गेलेले. माडी हलली. एका मुलाने खडू घेऊन भारतापुढे ७ लिहिले. मी म्हणालो, "अरे, अजून बावन्न मिनिटं आहेत." तो म्हणाला, "सर, अफगाणिस्तान आहे."

मध्यंतरानंतर आपण मागे सरत गेलो. कुणी मुद्दाम ठरवून नव्हे. एका गोलची आघाडी असली की आपला संघ नकळत वीस पावलं मागे येतो, चेंडू लांब मारू लागतो, आणि पुढे तो चेंडू धरून ठेवणारा कुणी नसल्यामुळे तो लगेच परत येतो. खालच्या पातळीवर शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. बचाव दमतो तो बचाव करून नव्हे, पुढे चेंडू टिकत नाही म्हणून. ७० व्या मिनिटाला रहमत अकबरीने बरोबरी केली. माडीवर कुणी बोललं नाही. ८८ व्या मिनिटाला शरीफ मुखम्मदने पेनल्टीवर दुसरा गोल मारला. १-२.

ज्याने ७ लिहिले होते त्याने ओल्या फडक्याने फळा पुसला आणि ४ लिहिले. पुसताना भारत हे नावही अर्धं पुसलं गेलं, ते त्याने परत नीट लिहिलं. मग सगळे निघून गेले. खाली चौकात लोक रहाडीच्याच गप्पांत होते.

माझ्या मते गट इथे गेला. अफगाणिस्तानकडून सहाच्या सहा गुण धरले होते, हातात आला एक.

तरीही आशा का उरली

आता जो भाग येतो तो आकड्यांचा आहे, आणि त्यातच सगळी गंमत अडकलेली आहे. गुवाहाटीनंतरही भारत दुसराच होता. कतार १२, भारत ४, अफगाणिस्तान ४, कुवेत ३. आपला गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले गोल) उणे ३, अफगाणांचा उणे १०. कतारने सगळ्यांनाच झोडल्यामुळे मागचे तिघे एकमेकांत गुंतून पडले होते.

६ जूनला कोलकात्याला सॉल्ट लेकवर कुवेत. जिंकलो असतो तर ७ गुण आणि दार जवळजवळ उघडं. पण १६ मे रोजी छेत्रीने निवृत्ती जाहीर केली होती आणि हा त्याचा शेवटचा सामना होता. एकोणीस वर्षं ज्याने हा संघ अंगावर वाहिला त्याचा निरोप समारंभ व्हायलाच हवा होता, मीही त्या रात्री रडलो. तरी एक गोष्ट मनाला लागून राहिली. तीन आठवडे सगळा देश त्याच्या निरोपाबद्दल बोलत होता, कुवेतच्या बचावफळीबद्दल कुणीच नाही. ०-० झालं. त्याच दिवशी अफगाणिस्ताननेही कतारला ०-० रोखलं, कारण कतार आधीच पुढे गेला होता आणि नव्या मुलांना खेळवत होता.

शेवटच्या दिवसाआधीचा तक्ता असा होता :

कतार १३ गुण
भारत ५ गुण, गोलफरक उणे ३
अफगाणिस्तान ५ गुण, गोलफरक उणे १०
कुवेत ४ गुण, गोलफरक उणे १

११ जूनला कतार-भारत दोह्यात, कुवेत-अफगाणिस्तान कुवेतमध्ये. मुलांना मी हे आदल्या संध्याकाळी मैदानावर काडीने मातीत आखून दाखवलं होतं. आपण जिंकलो तर ८ गुण, आणि अफगाणिस्तान जिंकून ८ वर आला तरी गोलफरकात तो फार मागे, म्हणजे आपणच पुढे. आपण बरोबरी केली तर ६ गुण, आणि मग दुसरा सामनाही बरोबरीत सुटायला हवा. कुवेत जिंकला तर त्याचे ७, अफगाणिस्तान जिंकला तर त्याचे ८, दोन्हीत आपण बाहेर. आणि हरलो तर विषय संपला, कारण त्या सामन्यात काहीही झालं तरी दोघांपैकी एकजण ५ च्या वर जाणारच. ही शेवटची ओळ मुलांना पटकन कळली नाही, दोनदा समजावून सांगावी लागली.

म्हणजे दोह्याला जाताना आपल्याला नुसती बरोबरी पुरेशी नव्हती. हे लक्षात ठेवा.

तो गोल

छेत्रीनंतरचा पहिला सामना, कर्णधार गुरप्रीत सिंग संधू. ३७ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या पासवर छांगतेने गोल केला आणि आपण खरोखर चांगलं खेळत होतो. कतारच्या तरुण संघापुढे आपली मुलं पहिल्यांदाच बॉक्समध्ये तिघं-तिघं जात होती. छत्तीस मिनिटं आपण १-० पुढे होतो, आणि तेवढा वेळ भारत तिसऱ्या फेरीत होता.

७३ व्या मिनिटाला फ्री किकवर युसुफ आयमेनने हेडर मारला, गुरप्रीतने तो अडवला, चेंडू गोलरेषेच्या बाजूने बाहेर गेला. पूर्ण बाहेर. कतारच्या एका खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि आयमेनने जाळ्यात ढकलला. आपले खेळाडू हात वर करून थांबले होते, गुरप्रीत जमिनीवर होता. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. या फेरीत व्हिडिओ पंच नव्हते, त्यामुळे परत बघायची सोयच नव्हती. पुढे आपल्या महासंघाने तक्रार केली, चौकशी मागितली. निकाल निकालच राहिला.

८५ व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल मारला. १-२.

आता तिकडे कुवेतमध्ये काय चाललं होतं ते बघा. तिथे ८१ व्या मिनिटाला ईद अल-रशिदीने गोल केला आणि कुवेत १-० जिंकला. कुवेतचे गुण झाले ७.

त्या सकाळी कट्ट्यावर मी मुलांना एवढंच विचारलं : समजा, पंचांनी ७३ व्या मिनिटाचा गोल दिला नाही, आणि अल-रावीचा गोल तसाच झाला. स्कोअर किती? १-१. आपले गुण किती? सहा. कुवेतचे? सात.

कोणी काही बोललं नाही. मग पंचवटीचाच तो मुलगा म्हणाला, "पण सर, तो गोल दिला नसता तर आपण खचलो नसतो. मग दुसरा झालाच नसता." हे त्याचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. फुटबॉलमध्ये एक गोल पुढच्या प्रत्येक मिनिटाचा रंग बदलतो. दोन मिनिटं तरी आपली मुलं पंचांभोवती होती, डोक्यात राग होता. त्यामुळे मी तो गोल क्षुल्लक होता असं म्हणत नाही. म्हणतो एवढंच की परक्या मैदानावर, आशियाई विजेत्याविरुद्ध, शेवटच्या दिवशी, नुसत्या बरोबरीवर भागणार नाही अशा अवस्थेत आपण जाऊन उभे राहिलो होतो. तिथवर आपल्याला कतारने किंवा पंचांनी आणलं नव्हतं.

गुवाहाटीत १-० राहिलं असतं तर आपले ५ ऐवजी ८ झाले असते आणि ७ गुणांच्या कुवेतच्या वर आपण राहिलो असतो. अभामध्ये जिंकलो असतो पण गुवाहाटीत हरलो असतो तर ७, आणि गोलफरकात कुवेत पुढे. म्हणजे या दोन्हीतली गुवाहाटीची ती शेवटची वीस मिनिटंच सर्वांत महाग पडली.

गटाचा शेवट : कतार १६, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५.

तीन गोल

सहा सामने, तीन गोल. त्यातला एक पेनल्टीवरचा. खेळता-खेळता झालेले दोनच, मनवीरचा कुवेतमध्ये ७५ व्या मिनिटाला आणि छांगतेचा दोह्यात ३७ व्या मिनिटाला. या दोन गोलांच्या मधे या गटात आपण इंज्युरी टाइम सोडून ४१२ मिनिटं खेळलो. ४१२ मिनिटं चालत्या खेळातून गोल नाही. सात गोल खाल्ले हे फार नाही, त्यातले पाच तर कतारचे. बाकीच्या चार सामन्यांत मिळून आपण फक्त दोन गोल खाल्ले. ज्या संघाने चार सामन्यांत दोनच गोल खाल्ले तो संघ त्या चार सामन्यांतून पाचच गुण घेऊन परततो, तेव्हा आजार कुठे आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

१७ जूनला इगोर श्टिमाच यांना प्रशिक्षकपदावरून काढलं. त्यांनी स्वतःच आधी म्हटलं होतं की तिसऱ्या फेरीत नेता आलं नाही तर जाईन. त्यांच्या जागी मानोलो मार्केस आले, आणि त्यांच्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील. प्रशिक्षक बदलले, तो रकाना तसाच राहिला. २०२७ च्या आशियाई करंडकाच्या पात्रतेत बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर अशा गटात पहिल्या पाच सामन्यांतून आपल्याला दोन गुण आणि दोन गोल मिळाले. जून २०२५ मध्ये काय-टाकच्या नव्या स्टेडियमवर शेवटच्या क्षणी पेनल्टी देऊन हाँगकाँगकडून हरलो, आणि समोरच्या बाकावर पुन्हा वेस्टवूड बसलेला होता. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून ०-१. क्रमवारी १४२ वर आली. अ गटात आपला दुसरा क्रमांक आला असता तर या गटात खेळावंच लागलं नसतं, आशियाई करंडकाचं तिकीट तेव्हाच हातात पडलं असतं. वहीत या दोन गटांची पानं समोरासमोर आली आहेत, योगायोगाने.

कारण आपल्या लीगमध्ये आहे, असं जाणकार सांगतात आणि ते खरं आहे. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) मैदानावर चार परदेशी खेळाडू उतरवता येतात, आणि बहुतेक क्लब त्यातली एक जागा सेंटर फॉरवर्डला देतात. क्लबला सामना जिंकायचा असतो, त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण त्यामुळे भारतीय मुलगा विंगवर जातो नाहीतर बाकावर बसतो. छेत्री होता तोवर हे झाकलेलं राहिलं.

मला मात्र कारण आणखी खाली दिसतं, माझ्याच मैदानावर. शाळांच्या स्पर्धांत मी वर्षानुवर्षं बघतो. उंच मुलगा दिसला की त्याला स्टॉपर (मधला बचावपटू) करतात. वेगवान मुलगा दिसला की विंगवर टाकतात. ज्याला दोन्ही जमत नाही तो पुढे उभा राहतो. पाठीमागे बचावपटू चिकटलेला असताना आलेला चेंडू पायात घेऊन वळायचं कसं, हे त्याला कुणी दाखवत नाही, कारण मैदान अर्धं मिळतं, उरलेल्या अर्ध्यात क्रिकेटचं नेट असतं, आणि त्या अर्ध्या मैदानात गोलपोस्टच नसतो. कोल्हापूरचं तसं नाही. तिथे तालमींची चुरस आहे, शाहू स्टेडियमवर माणसं खच्चून भरतात, आणि तिथला अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळून आला. आमच्या जिल्ह्याने कविता राऊतसारखी धावपटू दिली, दत्तू भोकनळसारखा नौकानयनपटू दिला, दोघं ऑलिम्पिकपर्यंत गेले. दमसास या मातीत आहे. गोल मारायची सवय लावणं हे आम्हा शिकवणाऱ्यांचं काम, ते आम्ही केलेलं नाही. मी स्वतः पंधरा वर्षं पासिंग शिकवत आलो आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या पंचवटीच्या मुलाचंच सांगतो. डावा पाय चांगला, पळतोही जोरात. शाळेच्या संघात तो विंगवर खेळतो. चेंडू आला की तो पहिला टच पायाखाली घेतो, मग बघतो, मग दुसरा टच, मग मारतो. एवढ्यात कुणीतरी पाय घातलेला असतो. जूनच्या त्या आठवड्यापासून मी त्याला पुढे उभा करायला लागलो. मैदानाच्या कडेला कंपाउंडची भिंत आहे, तिच्यावर चुन्याने दोन चौकोन काढले, गोलपोस्टचे खालचे दोन कोपरे समजून. पाठीला एक मोठा मुलगा चिकटून उभा. मी चेंडू टाकतो. अट एकच, पहिला टच पाठीवरच्या मुलापासून लांब जायला हवा आणि दुसरा टच भिंतीवर. तिसरा टच झाला की चेंडू माझ्याकडे परत.

मंगळवारी आणि शुक्रवारी चाळीस मिनिटं फक्त हेच. पहिले काही आठवडे मुलं कंटाळली, मॅच खेळू द्या म्हणून मागे लागली. पालकांपैकी एका काकांनी विचारलं की पोरगं भिंतीवर बॉल मारायला सहा वाजता उठतं का. मी त्यांना वहीतला तो रकाना दाखवला, ४१२ मिनिटांचा. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "चुना मी आणून देतो, पावसात धुऊन जाईल तो."

चुना पावसात दोनदा धुतला गेला, दोनदा काढला. पंचवटीचा मुलगा आता अकरावीत आहे. पहिला टच अजून दहातून चारदा पायाखालीच घेतो. बाकी सहा वेळा चेंडू डावीकडे निसटतो, पाठीवरचा मुलगा अर्धं पाऊल मागे राहतो, आणि भिंतीवर खालच्या कोपऱ्यात चुना उडतो.